‘सुटलो’ म्हणजे नेमकं काय झालं? बंदुकीच्या परवान्याआधीची तयारी

आजोबा गेले, त्यांची ठासणीची बंदूक माजघरात राहिली आणि शेतीसंरक्षणाचा परवाना आता मामांना स्वतःच्या नावावर हवा. सिंधुदुर्गात ही गोष्ट बऱ्याच घरांत घडते. केळीत माकडं, भातात रानडुक्कर, मधूनच गवा. जमीन आहे, सातबारा आहे, वयही बसतं. अडलं एकाच ठिकाणी: १९९४ साली बांधावरून झालेली मारामारी. विचारलं तर मामा म्हणाले, "त्यातसून सुटलंय मी केव्हाच." आमची सगळी धावपळ या एका शब्दापायी झाली. तीच इथे क्रमाने लिहितो, म्हणजे तुमच्या चार खेपा वाचतील.

सगळ्यात आधी कागद बाजूला ठेवा आणि बंदुकीची सोय करा. परवानाधारक वारला की ती घरात ठेवायचा हक्क आपोआप वारसाकडे येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. पावतीवर बंदुकीचा नंबर परवान्यावरच्याच आकड्यांत आहे ना, हे तिथेच उभं राहून ताडून बघा. ‘आधी परवाना होऊ दे, मग बघू’ असं म्हणत ती कपाटात ठेवली, तर जुना गुन्हा राहील बाजूला आणि नवा अंगावर येईल.

मग कायदा नेमकं काय अडवतो ते वाचून घ्या, कारण गावातली भीती कायद्यापेक्षा बरीच मोठी असते. कलम ९ प्रमाणे २१ वर्षांखालच्यांना बंदी आहे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरून कैदेची शिक्षा झाली असेल, तर ती संपल्यापासून पाच वर्षं बंदी. शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून दिला असेल, तर त्याची मुदत संपेपर्यंत बंदी. म्हणजे तीस वर्षांपूर्वी खरोखर तुरुंगात जाऊन आलेला माणूसही कलम ९ मुळे आज अडत नाही. कलम १४ मात्र आहेच: अर्जदार ‘अयोग्य’ वाटला किंवा सार्वजनिक शांततेला धोका दिसला, तर अधिकारी नकार देऊ शकतो, आणि हे ठरवताना तो जुनी प्रकरणं बघणारच. आणखी एक कलम १७: महत्त्वाची माहिती दडवून मिळवलेला परवाना रद्द करता येतो. बंदीला पाच वर्षांची मर्यादा आहे, दडवादडवीला तशी कुठलीच नाही. माझ्या मते अर्जदाराने खरं घाबरायचं ते इथे.

आता त्या शब्दाकडे. ‘सुटलो’ म्हणणाऱ्याला शांतपणे बसवून विचारा: कोर्टात उभं केलं होतं का? साक्षीदार आले होते का? दंड भरलात का? सही कशावर केलीत? पोलिसांनी समरी, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, कोर्टात पाठवली असेल तर खटला उभाच राहिलेला नसतो. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही, ‘ब’ म्हणजे फिर्याद खोटी, ‘क’ म्हणजे खरीही नाही आणि खोटीही नाही, गैरसमजातून झालेली. खटला चालून निर्दोष सुटका हा वेगळा प्रकार. कोर्टासमोर तडजोड झाली असेल तर तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच असतो. सरकारने खटला मागे घेतला असेल, तर तेही वेगळं. आणि शेवटी आपल्याकडचा सर्वात मोठा घोळ: तारखांना कंटाळून ‘गुन्हा कबूल’ म्हणायचं, दोनतीनशे रुपये दंड भरायचा आणि दुपारच्या एसटीने घरी. माणसाच्या लेखी तो सुटला. कोर्टाच्या लेखी तो दोषी ठरला, फक्त शिक्षा दंडाची झाली.

सहावी शक्यता सगळ्यात वाईट. आरोपी तारखेला गेलाच नाही, मुंबईला कामाला लागला, वॉरंट जुन्या पत्त्यावर जाऊन परत आलं आणि केस ‘डॉर्मंट’ फाइलीत पडली. अशी केस संपलेली नसते, झोपलेली असते. तसं निघालं तर परवान्याचा अर्ज थांबवा आणि आधी वकील गाठून वॉरंट रद्द करून घ्या.

शोध कुठून सुरू करायचा? ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघा, पण तिथे काही सापडलं नाही म्हणून हुरळून जाऊ नका. १९९४ चा निकाल संगणकात असेलच असं नाही आणि आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग टाइप करणाऱ्याच्या मर्जीवर असतं. हाताशी हवा तो गुन्हा रजिस्टर नंबर आणि साल. पोलीस ठाण्याची हद्दही बघा. आजचं दोडामार्ग तेव्हा सावंतवाडी तालुक्यात होतं, आणि प्रकरण १९८१ च्या आधीचं असेल तर जिल्हाच रत्नागिरी होता. नंबर मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमांत तशी मर्यादा आहे, त्यामुळे बांधाचा इतिहास तिथे लिहीत बसू नका.

फक्त पोलीस ठाण्यावर मात्र थांबू नका. चॅप्टर केसचे, म्हणजे शांतता राखण्याचा बाँड घेतात त्या प्रकरणाचे, कागद तहसील कचेरीत असतात, कारण तो बाँड कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे लिहिलेला असतो. शिकारीचा किंवा लाकूडतोडीचा वनगुन्हा वन परिक्षेत्र कार्यालयात नोंदलेला असतो. गोव्याहून येताना इन्सुली नाक्यावर दोन बाटल्या पकडल्या गेल्या असतील, तर ते प्रकरण राज्य उत्पादन शुल्काच्या दप्तरी असू शकतं. लोक हे विसरतात ते लबाडीने नव्हे, तो ‘गुन्हा’ होता असं त्यांना वाटलेलंच नसतं.

नंबर मिळाला की कोर्टाच्या नक्कल विभागात निकालाच्या प्रमाणित प्रतीचा अर्ज द्या. जुने कागद मुदतीनंतर नष्ट झालेले असू शकतात. तसं सांगितलं तर तोंडी उत्तर घेऊन परतू नका, अर्जावर लेखी शेरा मागा. आम्हाला तिसऱ्या खेपेला मामांची नोंद मिळाली. पिवळ्या पडलेल्या पानावर चार आरोपी, मामा तिसरे, भादंवि ३२३ (मारहाण) आणि ५०४ (चिथावणारा अपमान), शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द: ‘कबूल, दंड’. मामा चष्मा वर करून बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. "पण वकीलान सांगितल्यान की संपला म्हणान," एवढंच बोलले.

अर्ज नमुना ए-१ मध्ये भरायचा. जिल्ह्यात परवाना देणारे जिल्हा दंडाधिकारी, पुण्या-मुंबईसारख्या आयुक्तालयात पोलीस आयुक्त. अर्जात शिक्षा झाली आहे का, बाँड लिहून दिला होता का, हे सरळ विचारलेलं आहे. तिथे आठवणीतलं लिहू नका, नकलेतलं लिहा. पोलिसांचा अहवाल स्वतंत्रपणे जातोच. त्यात जे असेल ते तुमच्या अर्जात आधीच असलं की चौकशीला येणाऱ्या बीट अंमलदारापुढे (आपल्या भागाच्या पोलिसापुढे) सारवासारव करावी लागत नाही. नकार मिळाला तर कारणं लेखी मागा. कलम १८ खाली अपील करता येतं, त्यासाठी तीस दिवस असतात. तेव्हा आदेश हातात पडल्याची तारीख पाकिटावरच लिहून ठेवा.

मामांच्या अर्जात ‘होय’ आहे. खाली कलमं, कोर्ट, तारीख, दंडाची रक्कम आणि सोबत नकलेची झेरॉक्स. दंडाची पावती कुणाकडेच उरली नव्हती. अर्ज सध्या अहवालासाठी ठाण्यात आहे आणि बंदूकही त्याच ठाण्यात.