काझींकडे तलाक झाला. मुलांच्या खर्चाचा कागद पक्का कसा करावा

खुलानाम्यावर (बायकोच्या मागणीवरून झालेल्या तलाकच्या कागदावर) सही करण्याआधी त्यात "सर्व हक्क सोडले" अशी ओळ आहे का ते पाहा. आई मेहर (निकाहात नवऱ्याने कबूल केलेली रक्कम) सोडू शकते, इद्दतचा (तलाकनंतरच्या ठरावीक थांबण्याच्या मुदतीचा) खर्चही सोडू शकते. मुलांचा नफका, म्हणजे पालनपोषणाचा खर्च, मुळात तिचा नाहीच, मग तो ती सोडणार कसा? शरियतीतही तो बापाच्याच माथी आहे. म्हणून मेहर, इद्दत आणि मुलांचा खर्च या तीन रकमा वेगवेगळ्या लिहून घ्या. सगळे मिळून "दीड लाख" असे एकगठ्ठा लिहिले, तर पुढे हमखास ऐकू येते, "त्यातच मुलांचे आले."

मुलांच्या खर्चाची ओळ अशी हवी: प्रत्येक मुलाचे नाव व जन्मतारीख, दरमहा अमुक रुपये, 5 तारखेच्या आत, आईच्या अमुक खात्यात, दर जूनमध्ये अमुक टक्के वाढ, शाळेची फी, व्हॅन आणि दवाखाना यातच की वेगळे. "बाप योग्य तो खर्च करील" हे वाक्य दिसायला भले, पण त्यावर वसुली काय करणार? काझींना सांगून ते बदलून घ्या. रोख रक्कम घेऊ नका.

पण कागद कितीही चोख असला, तरी दारुल कझाच्या (काझींच्या शरई निवाडा केंद्राच्या) निकालाला कायद्याचे बळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये तसे स्पष्ट केले आहे. दोघे राजी असतील तर तोच मसुदा घेऊन नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. लोकअदालतीत तडजोड नोंदवली की तिला हुकूमनाम्याचे बळ येते. महिला आणि मुलांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन 15100.

बाप राजी नसेल तर कौटुंबिक न्यायालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली मुलांच्या नावे अर्ज करा (जुने 125). तलाक अमरावतीला झाला असला, तरी आई-मुले नागपुरात राहत असतील तर अर्ज इथेच चालतो. 1986 च्या मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायद्यातील मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच्या खर्चाची मर्यादा मुलांच्या या हक्काला लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नूर सबा खातून खटल्यात 1997 मध्येच ठरले. मुलींसाठी ही जबाबदारी लग्नापर्यंतची मानली गेली. सोबत जन्मदाखले, निकाहनामा, तलाक किंवा खुल्याचा कागद, फीच्या पावत्या आणि उत्पन्न-मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र जोडा. तसेच प्रतिज्ञापत्र बापालाही द्यावे लागते. दुकानदार माणूस उत्पन्न कमी दाखवतो. त्याचे बँक स्टेटमेंट मागा, दुकानाचे फोटो आणि भाडेपावती लावा. अंतरिम पोटगीचा अर्ज त्याच दिवशी द्या. नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत तो निकाली काढायचा असतो.

हुकूम झाल्यावर पैसे थांबले तर "देईल पुढच्या महिन्यात" म्हणत बसू नका. थकलेल्या प्रत्येक हप्त्यासाठी वसुलीचा अर्ज देय तारखेपासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. दीड वर्ष थांबलात, तर पहिल्या सहा महिन्यांचे वॉरंट निघत नाही.