जिल्ह्याचा डीआयओ व्हायचंय? पात्रता, भरती आणि खुर्चीत बसल्यावरचं खरं काम

कलेक्टर ऑफिसात कुठल्यातरी कोपऱ्यात एनआयसी अशी पाटी लावलेली एक खोली असते, आत एसी फुल, बाजूला व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) रूम, दोन-तीन टेबलं आणि दाराबाहेर डीएससीचा (डिजिटल सहीचा) पेनड्राइव्ह हातात धरून उभे असलेले दोन तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं). आत बसतात ते जिल्हा सूचना विज्ञान अधिकारी, सगळ्यांच्या तोंडात डीआयओ. सरकारी आयटीमध्ये सुपरवायझर टाइप पोस्ट म्हणजे नेमकं काय हे बघायचं असेल तर ही खुर्ची बघा. जिल्ह्यात जे जे कॉम्प्युटरवर चालतं ते शेवटी इथे येऊन धडकतं.

मुलं विचारतात, सर डीआयओची जाहिरात कधी निघते? निघतच नाही. डीआयओ ही थेट भरतीची पोस्ट नाहीये. एनआयसी म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, 1976 मध्ये सुरू झालेलं, आता केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाखाली. त्यांच्यात तुम्ही सायंटिस्ट-बी किंवा सायंटिफिक/टेक्निकल असिस्टंट-ए म्हणून शिरायचं, काही वर्षं एडीआयओ (डीआयओच्या हाताखालचा अधिकारी) म्हणून किंवा राज्य केंद्रात काढायची आणि मग एनआयसी तुम्हाला एखादा जिल्हा देते. एमपीएससीशी याचा काही संबंध नाही, हे आधी डोक्यातून काढा.

भरती दरवर्षी होत नाही हा मोठा प्रॉब्लेम आहे. 2020 ला 495 जागा निघाल्या, त्यात 288 सायंटिस्ट-बी. मग डायरेक्ट 2023 ला 598, पण त्यात सायंटिस्ट-बी फक्त 71, सायंटिफिक ऑफिसर/इंजिनियर 196 आणि असिस्टंट-ए 331. म्हणजे जाहिरात कशी येईल, कुठल्या पोस्टला किती येतील याचा काही नेम नाही, त्यामुळे नुसतं याच एका परीक्षेवर बसून राहू नका, गेट आणि बाकीच्या टेक्निकल परीक्षांचा अभ्यास करता करता ही द्यायची.

पात्रतेचं बोलायचं तर बीई/बीटेक, एमसीए, एमएस्सी, किंवा नायलिटची (केंद्राची आयटी शिक्षण संस्था) बी लेव्हल, आणि विषय कॉम्प्युटर, आयटी, इलेक्ट्रॉनिक्स या कुळातला. नुसतं बीसीए किंवा डिप्लोमा असेल तर इथे चालत नाही, आधी एमसीए करून घ्या. वयाची अट ओपनला 30, ओबीसीला 3 आणि एससी-एसटीला 5 वर्षं सूट. अनुभव मागत नाहीत. पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सायंटिस्ट-बीला लेव्हल 10, म्हणजे बेसिक 56,100 पासून, आणि असिस्टंट-ए ला लेव्हल 6, 35,400 पासून.

आता आपल्याकडच्या मुलांची हमखास विकेट जिथे पडते ती जागा म्हणजे दाखले. ही केंद्राची भरती आहे, त्यामुळे ओबीसी नॉन-क्रिमिलेअर केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, कॉलेज ॲडमिशनला काढलेलं राज्याचं चालत नाही, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का तेही बघावं लागतं. एसईबीसीचं आरक्षण राज्याचं, ते इथे लागू नाही, अशा मुलांनी उत्पन्न वगैरे अटींत बसत असतील तर केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस काढावं. सेतूत जाऊन "केंद्र सरकारच्या नोकरीसाठी" असं स्पष्ट सांगायचं, नाहीतर समोरचा सवयीने राज्याचाच अर्ज भरतो. आणि हे काम जाहिरात आल्यावर नाही, आधीच करून ठेवायचं, तारखा संपत आल्या की सर्व्हर कसा रांगतो हे तुम्हाला माहितीच आहे.

2020 आणि 2023 च्या भरतीत परीक्षा नायलिटने घेतली. 120 प्रश्न, तीन तास, त्यात 65 टक्के टेक्निकल आणि 35 टक्के रिझनिंग-ॲप्टिट्यूड, चुकलं की पाव मार्क कट. टेक्निकल म्हणजे गेटचाच सिलॅबस थोडा वरवरचा: नेटवर्किंग, डीबीएमएस, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, सॉफ्टवेअर इंजिनियरिंग. इंजिनियरिंगची मुलं 35 टक्क्यांकडे दुर्लक्ष करतात आणि तिथेच बँकिंगची तयारी केलेला पुढे निघून जातो. असिस्टंट-ए ची निवड लेखी परीक्षेवरच होते, सायंटिस्ट-बीला मुलाखत असते. मुलाखतीला जाताना निदान ई-ऑफिस (ऑनलाइन फायली), वाहन-सारथी (गाड्यांची नोंदणी आणि लायसन्स), मेघराज (सरकारी क्लाऊड), एनकेएन (शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारं नेटवर्क) हे काय आहे एवढं तरी वाचून जा, ज्या संस्थेत जायचंय तिने काय बनवलंय ते माहीत नाही म्हटल्यावर कसं दिसतं ते. पोस्टिंग भारतात कुठेही मिळू शकतं, घराजवळचाच जिल्हा मिळेल या भरवशावर लग्नाच्या बायोडाटात काही लिहू नका.

सायंटिस्ट-बीचं पुढचं प्रमोशन जागा रिकामी आहे का यावर नसतं, बी वरून सी ला 3 वर्षं, सी वरून डी ला 4, डी वरून ई ला 4 अशी किमान सेवा झाली की असेसमेंट होतं. म्हणून काय काम केलं याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवायची. जिल्ह्यातलं निम्मं काम फोनवरचं असतं, ते कागदावर आणलं नाही तर असेसमेंटला दाखवायला हातात काही उरत नाही.

आता खरं काम, आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. बसायला कलेक्टर ऑफिसात, पण पगार, बदली, प्रमोशन सगळं एनआयसीकडून. तुम्ही महसूलचे नाही, झेडपीचे नाही, पोलिसांचे तर नाहीच. हाताखाली एखाद-दुसरा एडीआयओ आणि नेटवर्क बघणारा आउटसोर्सिंगचा मुलगा. सुपरवायझर म्हणतात खरं, पण ज्यांच्याकडून काम करून घ्यायचं त्यातल्या नव्वद टक्के लोकांवर तुमचा शून्य अधिकार, आणि सिस्टिम बंद पडली की नाव मात्र तुमचंच. त्यामुळे ज्याला वाटतं मी कोडिंग भारी करतो म्हणून मी चांगला डीआयओ होईन, त्याने थोडा विचार करावा.

मग काम करून घ्यायचं कसं? पत्र तुमच्या सहीने काढलं तर तहसीलदार ते बघतील असं नाही, तेच आरडीसी (निवासी उपजिल्हाधिकारी) साहेबांच्या किंवा कलेक्टर साहेबांच्या सहीने गेलं तर संध्याकाळी उत्तर येतं. म्हणून नवीन जिल्ह्यात गेल्यावर पहिल्या महिन्यात सर्व्हर रूमच्या आधी माणसं बघा: आरडीसी, आस्थापना शाखेचे अव्वल कारकून, नाझर (खरेदीचं, यूपीएसच्या बॅटऱ्यांचं सगळं तिथे अडतं), निवडणूक शाखेचे नायब तहसीलदार आणि ई-फेरफारचे (सातबाऱ्यावरच्या ऑनलाइन नोंदींचे) डीडीई, म्हणजे डिस्ट्रिक्ट डोमेन एक्स्पर्ट. डीडीई महसूलचाच माणूस असतो पण सातबाऱ्याच्या प्रणालीची त्याला नस माहीत असते, त्याच्याशी पटलं तर तुमचे निम्मे फोन कमी होतात.

रोजचं पहिलं काम व्हीसी. मुख्य सचिवांची साडेदहाची व्हीसी असेल तर तुम्ही साडेनऊला खोलीत हवेत. लिंक लावून बघणे, दुसरी लाइन चालू आहे का बघणे, यूपीएसवर टाकून बघणे, आणि तालुक्यांना आधीच सांगून ठेवणे की माइक म्यूट, कारण कुठल्यातरी तहसीलमधला पंखा आणि चहावाल्याचा आवाज पूर्ण राज्याला ऐकू जातो आणि मग सगळे मागे वळून तुमच्याकडे बघतात. प्रेझेंटेशनची फाइल आदल्या रात्री मागून घ्या, मिळणार सकाळी सव्वादहालाच, पण मागून ठेवा.

ई-ऑफिसमध्ये तांत्रिक त्रास कमी, माणसांचा जास्त. एखाद्याची बदली झाली, तो कार्यमुक्त होऊन गेला, आणि त्याच्या इनबॉक्समध्ये नस्त्या तशाच पडलेल्या. नवीन माणूस म्हणतो मला काही दिसत नाही, जुना फोन उचलत नाही. यावर उपाय एकच: इनबॉक्स रिकामा झाल्याशिवाय कार्यमुक्तीचा आदेश निघायचा नाही असं परिपत्रक आस्थापनेकडून काढून घ्यायचं, कलेक्टरांच्या सहीने. डीएससी कुणाची कधी संपते याची एक शीट ठेवा आणि महिनाभर आधी कळवा. कळवूनही माणूस संपल्यावरच येतो, तरी कळवल्याचा मेल आपल्याकडे असलेला बरा.

निवडणूक आली की बाकी सगळं बाजूला. लोकसभा-विधानसभेला मतदान कर्मचाऱ्यांचं रँडमायझेशन (कॉम्प्युटरने चिठ्ठी काढल्यासारखी निवड) तीन टप्प्यांत होतं. पहिल्यात कोण ड्युटीवर ते ठरतं, दुसऱ्यात टीम आणि मतदारसंघ, तिसऱ्यात कुठलं केंद्र ते. पुढचे टप्पे निरीक्षकांसमोर होतात. बटण दाबायला एक मिनिट लागतं, खरा घाम त्याच्या आधीचा, डेटाचा. प्रत्येक कार्यालयाने कर्मचाऱ्यांची यादी भरायची असते आणि त्या यादीत रिटायर झालेले गुरुजी असतात, बाळंतपणाच्या रजेवरच्या मॅडम असतात, एकच मोबाईल नंबर आठ जणांना लावलेला असतो, स्वतःचा मतदारसंघ रिकामा सोडलेला असतो. तो रिकामा राहिला तर माणूस स्वतःच्याच मतदारसंघात पडू शकतो आणि ते नियमात बसत नाही. आदेश छापून वाटल्यावर हे बाहेर आलं की निवडणूक शाखेत जी रांग लागते ती बघवत नाही. त्यामुळे डेटा लॉक करायच्या आधी प्रत्येक कार्यालयप्रमुखाकडून प्रिंटवर सही-शिक्का घ्या, "यादी तपासली, बरोबर आहे" असा. सही करायची म्हटलं की लोक यादी खरंच वाचतात. मतदान यंत्रांचं रँडमायझेशन वेगळं, तिथे पहिल्या फेरीला राजकीय पक्षांचे प्रतिनिधी आणि दुसऱ्या फेरीला उमेदवार किंवा त्यांचे प्रतिनिधी समोर असतात, स्क्रीन मोठी लावा आणि प्रत्येक स्टेप बोलून दाखवत करा, घाई केली की शंका येतात.

सायबर सिक्युरिटीचं थोडक्यात सांगतो पण हे हलक्यात घेऊ नका. सर्ट-इनच्या (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) 28 एप्रिल 2022 च्या निर्देशाप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते आणि लॉग 180 दिवस ठेवावे लागतात. म्हणजे एखाद्या शाखेचा पीसी रॅन्समवेअरने लॉक झाला आणि तिथल्या क्लार्कने आपल्या ओळखीच्या मुलाला बोलावून फॉरमॅट मारून घेतला तर पुरावाही गेला आणि वेळही गेला. शाखांना एकच वाक्य पाठ करायला लावा: नेटची वायर काढा, मशीन बंद करू नका, फोन करा. एनआयसीच्या डेटा सेंटरवर वेबसाइट टाकायची तर आधी सिक्युरिटी ऑडिट लागतं, आणि इथे नेहमी एक सीन होतो, कुठलंतरी खातं परस्पर एखाद्या खाजगी माणसाकडून पोर्टल बनवून घेतं, उद्घाटनाची तारीख पत्रिकेत छापून येते आणि मग आदल्या आठवड्यात तुमच्याकडे येतात, "फक्त होस्ट करायचंय". ऑडिटशिवाय नाही म्हणायचं, लेखी म्हणायचं, आणि लगेच एस3वास (एनआयसीची तयार साच्यातून वेबसाइट बनवायची सेवा) वर एक साधं पान करून द्यायची तयारी दाखवायची म्हणजे संबंध बिघडत नाहीत.

जुनी मशीन हा सध्या मोठा विषय आहे. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि सरकारी ऑफिसात जुने पीसी भरपूर, त्यातले बरेच 11 ला चालतच नाहीत. नवीन घ्यायचे तर जेमवरून (सरकारी खरेदीचं पोर्टल), आणि स्पेसिफिकेशन तुम्हाला लिहून मागतात. त्यात कुठल्या कंपनीचं नाव किंवा एकाच कंपनीला बसेल अशी अट अजिबात घालू नका, ऑडिटवाले सगळ्यात आधी तेच बघतात. वॉरंटी ऑनसाइट आणि शक्य तितकी जास्त वर्षांची लिहा, कारण एएमसीला (वार्षिक देखभाल कराराला) पैसे मिळवणं नवीन पीसी मिळवण्यापेक्षा अवघड. पैशांसाठी जिल्हा नियोजनचा निधी बघा, प्रस्ताव मार्चमध्ये नाही, वर्षाच्या सुरुवातीला द्या. जुनी मशीन निर्लेखन करताना हार्डडिस्क पुसल्याची किंवा फोडल्याची नोंद घ्या आणि ई-कचरा अधिकृत रिसायकलरलाच द्या, भंगारवाल्याला नाही.

वय 30 च्या पुढे गेलं असेल आणि जिल्ह्यातच अशा प्रकारचं काम करायचं असेल तर महाआयटीकडून (राज्य सरकारची आयटी कंपनी) कंत्राटी पदं भरतात, जिल्हा प्रकल्प व्यवस्थापक वगैरे, आपले सरकार सेवा केंद्रं, ऑनलाइन दाखले हे त्यांच्याकडे असतं. काम जवळपास याच जातीचं, पण पेन्शन नाही आणि ऑर्डर ठरावीक मुदतीची. जॉइन व्हायच्या आधी ऑर्डर कुठल्या एजन्सीच्या नावाने आहे, पीएफ कापतात का आणि प्रवासभत्ता कोण देणार हे विचारून घ्या, कारण पूर्ण जिल्हाभर फिरायला लागतं आणि पेट्रोल खिशातून जातं.