वंशावळ शिकायची असेल तर आधी आजोबा आणि नातू वेगळे करा

वंशावळीच्या अभ्यासात पदवी घ्यायची म्हणून जळगाव-धुळ्यात कॉलेजं पालथी घालू नका. त्या नावाचं एम.ए. आपल्या उमवित (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात) नाही. रस्ता इतिहासातूनच जातो. इतिहासात एम.ए. करा, सोबत मोडी शिका आणि पीएच.डी.ला विषय मांडताना एखादं गाव, वतन किंवा स्थलांतर मध्यभागी ठेवा. ‘आमच्या कुळाचा इतिहास’ एवढाच प्रस्ताव नेला तर समिती विचारणार की यातून गावाबद्दल नवीन काय कळणार? तो प्रश्न रास्त आहे. उत्तर तयार ठेवूनच आत जा.

परदेशात या विषयाचं थेट शिक्षण मिळतं. ग्लासगोचं स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठ वंशावळ आणि जुनी हस्ताक्षरं या विषयात ऑनलाइन एम.एस्सी. देतं. अमेरिकेत ब्रिगहॅम यंग विद्यापीठात पदवी आहे, बोस्टन विद्यापीठाचा प्रमाणपत्र कोर्स आहे. पण तिथे मुख्यतः शिकवतात ती चर्चची रजिस्टरं, तिकडची जनगणना, तिकडची मृत्युपत्रं. कर्ज काढून आधी तिकडे धावू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. त्यांची एक गोष्ट मात्र आजच उचला. दोन पिढ्या जोडताना मिळण्यासारखे सगळे कागद पाहिलेत का, प्रत्येक कागद कुठला ते लिहिलंय का, ते एकमेकांशी ताडून पाहिलेत का, विसंगती सोडवली का आणि निष्कर्ष कारणांसह मांडला का, एवढं झाल्याशिवाय तो दुवा ते सिद्ध मानत नाहीत.

याची गरज आपल्याकडे किती आहे ते आता सांगते. सगळ्यात जास्त मी इथेच अडकले आणि नवीन येणारं जवळजवळ प्रत्येक जण इथेच अडकतं.

आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवतात. समजा, दगडूचा मुलगा तुकाराम. तुकारामचा मुलगा पुन्हा दगडू. त्याचा मुलगा पुन्हा तुकाराम. म्हणजे १८८०च्या आसपासच्या कागदात ‘तुकाराम दगडू पाटील’ सापडतो आणि १९३०च्या कागदातही ‘तुकाराम दगडू पाटील’ सापडतो. गाव तेच, नाव तेच, बापाचं नावही तेच. एकच माणूस दीर्घायुषी होता असं समजून पुढे गेलात की मधल्या दोन पिढ्या गडप. एवढ्यावर भागत नाही. पहिल्या दगडूला भिका नावाचा दुसरा मुलगा असेल, तर तोही आपल्या मुलाचं नाव दगडूच ठेवतो आणि त्या दगडूच्या घरीही एखादा तुकाराम जन्मतो. आता एकाच काळात, एकाच गल्लीत दोन तुकाराम दगडू. पाटील हे आडनाव तर खानदेशात लेवा, मराठा, गुजर अशा कितीतरी घरांत आहे, त्यामुळे आडनावाचा काडीचा उपयोग नाही.

कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, सुटका होईल असं वाटतं, पण तिथे जन्माच्या नोंदीत बऱ्याचदा बापाचं नाव आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ एवढंच असतं. शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यात मुलाचं नाव मिळतं, पण जन्मतारीख १ जून. गुरुजींनी अर्ध्या वर्गाला तीच तारीख दिलेली असते.

मग माणसं वेगळी करायची कशी? जमिनीवरून. नाव सोडा आणि सर्व्हे नंबर धरा. मयताच्या वारसांचा फेरफार, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर गेली त्याची नोंद, काढला की ‘मयत दगडू तुकाराम, वारस मुलगे अमुक, तमुक, विधवा बायको अमुक’ असं ओळीने येतं. दोन तुकाराम दगडूंची शेतं वेगळी असतात आणि शेत ज्याच्या नावावरून ज्याच्या नावावर गेलं तो दुवा पक्का धरता येतो. जिथे जमिनींचं एकत्रीकरण झालंय तिथे सर्व्हे नंबरचा गट नंबर झालेला असतो, म्हणून भूमी अभिलेखमधून जुन्या-नव्या नंबरांचा मेळ आधी घ्या. दत्तक असेल तर तेही फेरफारातच कळण्याची शक्यता जास्त. बायका-मुलींची नावं दिसतील तिथे उतरवून घ्याच. त्यांना गाळून केलेली वंशावळ मी अर्धीच मानते.

सनांचंही भान ठेवा. जुन्या कागदांवरची फसली आणि सुहूर ही दोन्ही सनं मृगाला बदलतात, पण आकड्यांत नऊ वर्षांचा फरक आहे. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो. फसली वर्षाच्या अखेरीचे, म्हणजे जानेवारीपासून मृगापर्यंतचे महिने असतील तर ५९१. जिल्हेही बदललेत. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निघालं. शहाद्याच्या गावाचा जुना कागद नंदुरबारला मिळाला नाही म्हणून निराश होऊ नका, धुळ्याला विचारा.

‘सात दिवसांत मोडी’वाल्यांवर माझा विश्वास नाही. अक्षरं आठवड्यात येतात, गावच्या कुलकर्ण्याचं हस्ताक्षर वाचायला महिनोन्महिने जातात. पुराभिलेख विभागाचे मोडी वर्ग चांगले. धुळ्यात १९२७ पासूनचं राजवाडे संशोधन मंडळ आहे, तिथे जाऊन बसा. मार्गदर्शक निवडताना मोठ्या नावाकडे पाहू नका, तुमच्यासोबत धुळीत बसून रुमाल (जुन्या कागदांची कापडात बांधलेली गाठोडी) सोडेल असा माणूस शोधा. एखादे निवृत्त तलाठी अप्पा भेटले तर त्यांना सोडूच नका.

कामाची चिंता वाटते, ती मलाही वाटायची. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. जात पडताळणीसाठी वंशावळ लागतेच. पण तिथेच कुणीतरी जुन्या नोंदीत एक अक्षर ‘दुरुस्त’ करायला सांगेल. तो फौजदारी गुन्हा आहे. सरळ उठून निघा, कितीही ओळखीचा असला तरी.

एक काम मात्र प्रवेशाआधीच सुरू करता येतं. श्रावणात आपल्या खानदेशाची देवी कानबाई बसते तेव्हा गावी जा. रोटाचं (तिच्या नैवेद्याचं) धान्य घरातल्या पुरुषांची नावं घेऊन काढतात आणि रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत. मोठमायजवळ बसून ती नावं लिहा, कुणाकुणाकडे रोट जातात ते लिहा, खाली तारीख आणि सांगणारीचं नाव टाका. तोंडी माहितीचा दुवा तुटक रेघेने दाखवा. फेरफार सापडला की मगच ती रेघ पक्की करा.