मंडळीत कोणाकडे दत्तक मूल आलं तर काय करायचं, आणि काय अजिबात करायचं नाही

मूल दत्तक कसं घ्यायचं यावर ढिगाने लेख सापडतील, पण आजूबाजूच्या माणसांनी काय करायचं ते कोणी धड सांगत नाही. सांगितलं तरी "प्रेम द्या, आधार द्या" इतकंच. आता प्रेम द्यायचं म्हणजे मंगळवारी संध्याकाळी नेमकं काय करायचं बाप्पा? मी नागपुरात सदरमधल्या एका चर्चच्या महिला मंडळात हे काम बऱ्याच वर्षांपासून बघते. तुमच्याकडे चर्चच्या जागी सोसायटी असेल नाहीतर भजनी मंडळ, पद्धत तीच.

१. एकच माणूस ठरवा. कमिटी नको. कमिटी आली की तिचा व्हॉट्सॲप ग्रुप येतो आणि ग्रुप आला की त्यावर बाळाचा फोटो.

२. "काही लागलं तर सांगजा" हे बंद करा, कोणीच सांगत नाही. "बुधवारचा रात्रीचा डबा माझा, तिखट किती चालेल?" असं विचारा. डबा दारात ठेवायचा, बेल एकदाच वाजवायची, आत बसायचं नाही. आणि डबा परत मागायचा नाही.

३. मूल कडेवर घ्यायचं नाही. इथे सगळे अडकतात, आम्हीपण अडकलो होतो, म्हणून नीट वाचा.

मूल घरी आल्यावर पहिले काही महिने त्याला आईबाबांशिवाय कोणी उचलायचं नाही, भरवायचं नाही, झोपवायचं नाही. शक्यतो आजीनेही नाही. हे सांगितलं की सगळ्यांची तोंडं पडतात, "काहून, आम्ही काय परके आहो का?"

कारण असं आहे की मूल आधी ज्या संस्थेत असतं तिथे सांभाळणाऱ्या मावश्या ड्युटीप्रमाणे बदलतात, सकाळी एक भरवते, रात्री दुसरी झोपवते, तिसरी मधेच नोकरी सोडून जाते. त्या जीव लावत नाहीत असं नाही, पण मुलाच्या डोक्यात आपलं माणूस म्हणून एक चेहरा पक्का होत नाही. मग असं पोट्टं चर्चच्या दारात कोणाकडे पण हात वर करून जातं आणि आपण म्हणतो किती गोड, कोणाकडेही जाते, रडत नाही बिलकुल! नेमकी तीच काळजीची गोष्ट आहे. दीड-दोन वर्षांच्या लेकराने अनोळखी माणूस बघून आईच्या मागे लपायला पाहिजे. ते व्हायचं तर भूक लागली की हाच हात, पडलं की हाच हात, रात्री दचकलं की हाच आवाज, असं शेकडो वेळा व्हावं लागतं, आणि मधे आपण सगळे पाच-पाच मिनिटं लाड करून गेलो की पुन्हा पहिल्यापासून.

मग मूल हात वर करून आलंच तर? झिडकारायचं नाही. खाली बसा, हसा, "आईला सांग घ्यायला" म्हणा आणि आईकडे वळवा. खाऊ आणला असेल तर आईच्या हातात द्या, ती भरवेल. बिस्कीटसुद्धा. आमच्यात एक मावशी आहेत, पर्समध्ये पारले-जीचा पुडा असल्याशिवाय उपासनेला येत नाहीत, त्यांना हे पटायला फार वेळ लागला. आता त्या पुडा सरळ आईला देतात आणि दुसऱ्या कोणी हात पुढे केला की आधी त्याच ओरडतात.

हे सगळं त्या आईला सांगायला लावू नका. तिने एकदा "हात लावू नका" म्हटलं की जन्मभर ऐकावं लागतं. ठरवलेल्या माणसाने सांगायचं, किंवा घरच्यांना विचारून पाळकसाहेबांनी उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये. आणि स्वागताचा कार्यक्रम, फुगे, स्टेजवर बोलावणं, हे तर पूर्ण बंद. दोन वर्षांच्या मुलाला दोनशे टाळ्या ऐकून काय वाटत असेल, विचार करा जरा.

मग आपल्याला काय उरतं? मुलाच्या भोवतीची सगळी कामं. भांडी, इस्त्री, गॅसचा नंबर लावणं, मोठं भावंड असेल तर त्याला ट्यूशनला सोडणं. मे महिन्यात नागपुरात कूलरमध्ये रोज पाणी भरावं लागतं, आणि रात्रभर जागलेल्या बापाला गच्चीवरून पाइप ओढायचा जीव नसतो, तेवढं जरी कोणी सकाळी येऊन केलं ना, तरी दहा झबल्यांपेक्षा भारी. दुपारी मात्र बेल वाजवायची नाही, मोठ्या मुश्किलीने झोपलेलं असतं. हॉलमध्ये दहा-पंधरा मुलांसोबत झोपायची सवय असलेलं लेकरू शांत, अंधाऱ्या खोलीत घाबरतं.

४. तोंड सांभाळा. "खरे आईबाप कोण", "कुठल्या जातीचं", "आणलं किती दिवसांचं असताना" यातलं काहीच विचारायचं नाही, मुलासमोर तर नाहीच. त्याची गोष्ट त्याची आहे, तो मोठा झाला की सांगेल. फोटो टाकू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि "माझ्या ओळखीत एक बाळ आहे, थेट घेऊन टाका" असं बोलणारा कोणी असेल तर त्याला तिथेच गप्प करा. अनाथ किंवा सोडून दिलेल्या बाळाची प्रक्रिया कारा म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या पोर्टलवरूनच होते, बाकी मार्गाने गेलात तर घेणाराही आत जाऊ शकतो.

५. कागद. आपल्यातले म्हातारे अजून म्हणतात ख्रिस्ती लोकांना दत्तक घेता येत नाही, फक्त पालकत्व मिळतं. ते चुकीचं बोलत नाहीत, जुनं बोलतात. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शिखांसाठी आहे, बाकीच्यांना १८९० च्या कायद्यातून नुसतं पालकत्व मिळायचं. बाल न्याय कायद्याने हा फरक काढला, आता मूल पूर्णपणे तुमचं. सप्टेंबर २०२२ पासून कायद्यात ऑर्डर द्यायचं काम कोर्टाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं आहे, म्हणजे आपल्याकडे सिव्हिल लाइन्सच्या सरकारी ऑफिसांत चकरा. गाडी असणाऱ्याने न्या-आणायचं काम घ्या, झेरॉक्सचे दोन सेट काढून ठेवा. ऑर्डर हातात येईपर्यंत मूल कायद्याने प्री-ॲडॉप्शन फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे दत्तकाआधीच्या तात्पुरत्या सांभाळात असतं, म्हणून "बाप्तिस्मा कधी" हे विचारू नका. ऑर्डर आली की ते स्वतःच तारीख काढतील.

६. फॉस्टरचं, म्हणजे दत्तक न घेता नुसतं सांभाळायला आलेलं मूल असेल तर हिशोब वेगळा. ही साधारण सहा वर्षांच्या पुढची मुलं, बाल कल्याण समितीच्या आदेशाने आलेली, आणि त्यांचे स्वतःचे आईबाप असू शकतात, ते उद्या सावरले तर मूल परत जाईल. अशा मुलाला "आता हेच तुझं घर" म्हणू नका, त्याच्या आईला नावं ठेवू नका, धर्माचा विषय तर काढूच नका. २०२४ च्या नव्या सूचनांप्रमाणे ३५ ते ६० वयाची एकटी व्यक्तीही फॉस्टर घेऊ शकते, अशा बाईला रात्री ताप आला तर फोन कोणाला करायचा ते पहिल्याच दिवशी ठरवून द्या. मूल परत गेलं तर त्या आठवड्यात डबे पुन्हा सुरू करा. "तसंही आपलं नव्हतंच ना" असं म्हणायला तिथे जाऊ नका, त्यापेक्षा घरीच बसा.

७. डब्यांची आणि कामांची यादी लवकर संपवू नका. पहिल्या महिन्यात डबे इतके येतात की फ्रिजमध्ये जागा नसते आणि चौथ्या महिन्यात कोणी फिरकत नाही. खरी धडपड तेव्हाच सुरू होते, कारण लेकरू तोवर घरात जरा रुळलेलं असतं आणि मग हट्ट, चावणं, उशीखाली पोळी लपवणं सगळं बाहेर येतं. दत्तकानंतर सोशल वर्करचा फॉलोअप दर सहा महिन्यांनी, दोन वर्षं चालतो. आपली यादीही तेवढीच लांब करा, पहिल्या महिन्यात आठवड्याला दोन डबे, मग एक, आणि वर्ष झालं की महिन्यातून एक शनिवार कोणीतरी घरातलं काम घ्यायचं आणि आईबाबांनी लेकराला घेऊन अंबाझरी तलावाकडे जायचं.