एमआरडीतून रिसर्च करताय? या चुका टाळा

"मॅडम, फाइली कधी मिळतील?" रिसर्चचं नाव काढलं की आमच्या हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागातलं, म्हणजे एमआरडीतलं, नवीन पोर पहिला प्रश्न हाच विचारतं. कशाला हव्यात? "डेटा काढायचाय." कसला? "जो असेल तो."

बेळगावात मेडिकल रेकॉर्डच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. आता कोडिंग-फायलिंग करणाऱ्या पोरांना छोटे अभ्यास करायला शिकवते. पोरं हुशार आहेत. डॉक्टरांचं गिचमिड अक्षर त्यांच्याइतकं कुणाला लागत नाही. पण एक्सेल उघडायची घाई इतकी, की प्रश्न काय आहे हे शेवटी ठरतं.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे कोऱ्या जागेला 'नाही' समजणं.

एका पोराने तोंडाच्या कॅन्सरचा विषय घेतला, निपाणी-चिकोडी भागातले रुग्ण. विषय चांगला होता. चार दिवसांत तक्ता भरून आणला. चार दिवसांत! मला तिथंच शंका यायला हवी होती. तक्त्यात निम्म्याहून जास्त रुग्णांना तंबाखूची सवयच नाही. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यातले रुग्ण, आणि सवय नाही! पोरगा मात्र खुशीत. "मॅडम, नवीन फाइंडिंग आहे, पोस्टर करूया."

म्हटलं, आधी दहा फाइली काढ, माझ्यासमोर. रेकॉर्ड रूमच्या मामांनी गठ्ठा आणून टाकला. पहिल्या फाइलीत हिस्टरी शीटवर 'हॅबिट्स'समोर काहीच नाही, नुसती रेघ. याने 'नाही' भरलेलं. दुसरीतही तेच. तिसरीत डॉक्टरांनी स्वच्छ 'नो टोबॅको' लिहिलेलं, पण चार पानं पुढे नर्सिंगच्या कागदावर 'मिश्री, दिवसातून दोनदा'. बाईला विचारलं असणार, तंबाखू खाता का? ती खात नव्हतीच, दाताला लावत होती. आपल्याकडच्या कितीतरी बायका मिश्रीला तंबाखू धरतच नाहीत, ते त्यांचं दात घासणं. भाजून कुटलेली तंबाखूच ती, दुसरं काय! पाचव्या फाइलीत उलटा घोळ. 'टोबॅको: येस', आणि व्यवसाय विडी कामगार. बाई विड्या वळत होती. खात-ओढत होती का, ते त्या फाइलीतून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

तेव्हापासून माझ्याकडे पहिला आठवडा एक्सेल बंद. वहीत प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहायचा, आणि उत्तरं तीन ठेवायची: हो, नाही, नोंद नाही. तंबाखूचा एकच रकाना चालत नाही. खाणं, ओढणं, मिश्री, तपकीर वेगवेगळं, आणि विडीचं काम व्यवसायात. डॉक्टरचं पान आणि नर्सचं पान जुळलं नाही तर कुठलं धरायचं, तेही आधीच लिहून ठेवायचं. मग त्याच वीस फाइली दोघांनी एकमेकांची उत्तरं न बघता भरायच्या आणि ताडून बघायच्या. कोहेनने १९६० मध्ये मांडलेला 'कप्पा', म्हणजे दोघांची उत्तरं किती जुळतात याचा आकडा, काढता आला तर उत्तमच, पण वीस फाइलींत कुठे भांडण झालं ते बघितलं तरी निम्मं काम होतं.

त्या पोराचा तक्ता पुन्हा भरल्यावर सगळ्यात मोठा गट निघाला 'नोंद नाही'. चेहरा पडला त्याचा. मला विचाराल तर तोच खरा अभ्यास होता. कॅन्सरची कारणं डॉक्टर शोधतील. कुठल्या वॉर्डात, कुठल्या शिफ्टला, कुठला रकाना कोरा राहतो, हे आपल्याएवढं कुणाला ठाऊक आहे?

पत्त्याच्या बाबतीतही बेसावध राहू नका. 'खानापूर' वाचलं की आपल्या डोळ्यांपुढे आपलंच खानापूर येतं, पण सांगली जिल्ह्यातही एक आहे. नेसरी गडहिंग्लज तालुक्यातली, नेसरगी बैलहोंगलकडची. नोंदणीच्या खिडकीवर रांग असली की दोन्ही एकच होतात. चंदगडचा माणूस कोल्हापूर जिल्ह्यातला, पण त्याला बेळगाव जवळ, म्हणून तो आपल्याकडे येतो. तालुकावार आकडे काढायचे तर मी पिनकोड बघते. ५९० किंवा ५९१ असेल तर आपला जिल्हा, ४१५-४१६ दिसलं की पलीकडचा. पिनकोडच नसेल तर अंदाज नाही बांधायचा. तिथंही 'नोंद नाही'.

लक्ष्मीबाई, लक्ष्मव्वा आणि नुसती लक्ष्मी या तीन रुग्ण असतीलच असं नाही. एका वेळी मराठी बोलणाऱ्या क्लार्कने नाव घेतलं, दुसऱ्या वेळी कन्नड बोलणाऱ्याने. माणसं मोजताय की अॅडमिशन, ते आधी ठरवा.

आजाराच्या कोडवर डोळे मिटून विश्वास नको. आयसीडी-१० या आजारांच्या कोड-यादीतला आय६४ म्हणजे रक्तस्राव की गुठळी हे न सांगितलेला स्ट्रोक. सीटीचा रिपोर्ट त्याच फाइलीत असतो, पान उलटायचा कंटाळा.

एक्सेलच्या तारखा: कॉम्प्युटर अमेरिकन सेटिंगवर असेल तर ०३/०७ ही ३ जुलै न राहता ७ मार्च होते, आणि २५/०७ नुसता मजकूर म्हणून पडून राहते. दिवस, महिना, वर्ष तीन रकान्यांत भरा. अॅडमिशनच्या आधी डिस्चार्ज झालेला रुग्ण सापडला की समजा, घोळ झालाय.

एथिक्स कमिटीची परवानगी डेटा काढून झाल्यावर मागू नका. जुन्या नोंदींवरच्या अभ्यासाला रुग्णाच्या संमतीतून सूट मिळू शकते, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तशी सोय आहे. पण ती सूट कमिटी देते. आपणच आपल्याला द्यायची नसते. आणि रुग्णांच्या नावांसकट शीट व्हॉट्सअॅपवर टाकणाऱ्याला मी दुसऱ्यांदा फाइल देत नाही.

राहिल्या न सापडलेल्या फाइली. किती सापडल्या नाहीत आणि का, हे लिहायचंच. गेल्या वर्षी एक पोरगी कीटकनाशकाच्या विषबाधेचा अभ्यास करत होती. रॅकवरच्या तेवढ्या फाइली घेतल्या, बाकीच्यांपुढे 'मिळाली नाही' लिहून मोकळी. तिच्या तक्त्यात एकही मृत्यू नव्हता. उपचार किती छान झाले यावर एक परिच्छेदही लिहून आणला होता. ती तो मला वाचून दाखवत असताना मामा चहा घेऊन आले आणि दारातच थबकले.

"मेलेल्यांच्या फाइली त्या रॅकवर कुठं असत्यात बाई? एमएलसीच्या, म्हंजे पोलीस केसच्या, आन् त्या, दोन्ही वरच्या कपाटात."

कपाटाला कुलूप होतं. किल्ली दोन दिवसांनी मिळाली.