वाई-मेणवलीच्या घाटावर बसून जलरंग करायचेत? मग हे वाचा

साताऱ्याहून वाई साधारण 35 किलोमीटर, पहिल्या एसटीने निघा, किंवा सरळ वाईतच मुक्काम करा, पण ऊन तिरपं असतानाच कृष्णेच्या घाटावर पोचा. कारण दगड. आपल्याकडचे घाट काळ्या बेसाल्टचे, आणि भर दुपारी ऊन डोक्यावर आलं की या पायऱ्या एकसारख्या सपाट दिसायला लागतात, सकाळी मात्र प्रत्येक पायरीला उजेडाची एक कड आणि सावलीची एक बाजू मिळते, आणि आपल्याला रंगवायचं असतं ते नेमकं हेच.

सामान कमी न्या. 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटन पेपर, 11 बाय 15 इंचाचा, प्लायवूडच्या तुकड्यावर चारी बाजूंनी टेप लावून. एक मोठा गोल ब्रश, एक मधला, एक बारीक. पाण्याची दोन भांडी, जुनं सुती फडकं, 2बी पेन्सिल. रंग सहा-सात पुरतात खरंच, दुकानातला मोठा बॉक्स बघून मोह होतो पण घाटावर तो नुसता ओझं होतो.

पोचल्यावर लगेच पॅलेट उघडू नका. आधी सावलीची जागा शोधा, म्हणजे तुमच्या कागदावर ऊन पडणार नाही अशी. पांढऱ्या कागदावर ऊन पडलं की डोळे दिपतात, मग रंग गडद लावले जातात आणि घरी आणल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. मग तळहाताएवढी दोन-तीन कच्ची स्केचेस, फक्त गडद, मध्यम आणि उजळ असे तीन भाग पाडून, डिटेल काही नाही. यातलं जे लांबून बघितल्यावर पण कळतंय तेच मोठं करायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सूर्य तासाला 15 अंश सरकतो, म्हणजे तुम्ही दीड तास बसलात तर सावल्या पार बदललेल्या असतात. म्हणून बसल्या बसल्या सावलीच्या कडा पेन्सिलीने आखून घ्या आणि नंतर ऊन कुठेही जाऊ दे, त्या रेषा हलवायच्या नाहीत. सावल्यांच्या मागे धावत राहिलं की एकाच चित्रात दिवसाच्या तीन वेगळ्या वेळा दिसतात.

बेसाल्टसाठी ट्यूबमधला काळा रंग अजिबात नको, मेल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा. ऊन लागलेल्या बाजूला सिएना जास्त, सावलीत निळा जास्त, आणि पाण्याजवळच्या ओल्या पायऱ्यांना हेच मिश्रण दाट. अल्ट्रामरीनची गंमत अशी की तो खरबरीत कागदाच्या खळग्यांत दाणे सोडतो, म्हणजे दगडाचा पोत आपोआप येतो, तुम्हाला ब्रशने टिपके देत बसावं लागत नाही. फक्त एकदा लावला की हात काढून घ्या, ओल्यात परत परत घासलं की गढूळ झालाच म्हणून समजा.

वाईत ढोल्या गणपतीचं देऊळ काढताना मागची बाजू नीट बघून घ्या. पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून मागची भिंत माशासारखी निमुळती केलीये, 1762 चं काम आहे. समोरूनच काढलं तर कुठलंही देऊळ वाटतं, या बाजूनं काढलं की नदी आणि देवळाचं नातं दिसतं. मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाट आहे, तिथल्या छोट्या देवळात वसईच्या 1739 च्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. मला घंटेपेक्षा तिच्याभोवतीचा अंधार रंगवायला आवडतो, तो अंधार नीट जमला की घंटा आपोआप उठून दिसते.

पावसाळ्यात जायचं असेल तर जरूर जा, कृष्णा तेव्हा काय दिसते! पण कागद वाळत नाही हे धरून चला, पातळ थर कमी द्या आणि पहिल्याच थरात गडद रंग लावायची हिंमत ठेवा. घरातला कागद पण प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, दमट हवेत त्याचं सायझिंग, म्हणजे कागदाला दिलेली खळ, जातं आणि मग रंग टीपकागदावर पडल्यासारखा शोषला जातो. एप्रिल-मेमध्ये उलट, आकाश अर्धं रंगवून होईपर्यंत रंगाची कड वाळलेली असते, तेव्हा कागद मागूनही ओला करून घ्या.

आणि काम विकून घर चालवत असाल तर जागेवरचं चित्र लगेच देऊन टाकू नका. तिथं जमलेली मंडळी कौतुकानं किंमत विचारतात, नंबर घ्या, नंतर बोला. त्यावरून घरी मोठं चित्र करता येतं आणि गिऱ्हाईकाला ते द्यायचं, मूळचं आपल्याकडे ठेवायचं, कारण त्यात जे रंग डोळ्यांनी बघून लावलेत ते फोटोत सापडत नाहीत. फोटोत सावल्या काळ्याकुट्ट येतात, आतला निळा गायब होतो. चित्रामागे जागा, महिना, वेळ आणि मिसळलेले रंग लिहून ठेवा.

एखादा दिवस जास्तीचा मिळाला तर रहिमतपूरवरून औंधला जा. टेकडीवरच्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा आणि धुरंधर या चित्रकारांची अस्सल चित्रं बघायला मिळतात. चित्राच्या जवळ जाऊन कडा बघा, कुठली कड धारदार ठेवलीये आणि कुठली विरघळवलीये ते वहीत उतरवा, दुसऱ्या दिवशी घाटावर बसल्यावर कुठली पायरी सोडून द्यायची ते ठरवायला याचा लगेच उपयोग होतो.