महागडी एसयूव्ही संस्थेला दान देताय? या चुका टाळा

नवी गाडी दारात आली की जुन्या एसयूव्हीचं काय करायचं हा प्रश्न येतोच. एजंट पडेल भाव सांगतो, मग घरात कुणीतरी म्हणतं, "एवढ्या कमी पैशात विकण्यापेक्षा एखाद्या संस्थेला देऊन टाकू." विचार मोलाचा आहे. दुर्गम भागातल्या दवाखान्याला, वसतिगृहाला गाडीची खरोखर निकड असते. पण मर्सिडीज, ऑडी, बीएमडब्ल्यू अशी गाडी देताना काही चुका हमखास होतात आणि त्यांचा भुर्दंड कधी संस्थेला, तर कधी देणाऱ्याला बसतो.

संस्थेला परवडेल का, हे न विचारणं

सगळ्यात मोठी चूक हीच. गाडी फुकट मिळते, पण चालवायला पैसे लागतात. गडचिरोलीतल्या भामरागडच्या एखाद्या संस्थेला अशी गाडी मिळाली, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरसाठी नागपूर गाठावं लागतं, म्हणजे एका बाजूने तीनशेहून जास्त किलोमीटर. एअर सस्पेन्शनमधून (स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणारी यंत्रणा) हवा गळायला लागली की गाडी रात्रीतून एका कोपऱ्यावर बसते आणि गावातल्या मेकॅनिककडे तिचा दोष दाखवणारा स्कॅनर नसतो. बीएस-६ डिझेलवर चालणाऱ्या बहुतेक मोठ्या गाड्यांना अ‍ॅडब्लू, म्हणजे धुरातलं प्रदूषण कमी करणारं द्रावण, लागतं. ते पूर्ण संपलं, तर एकदा बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू होत नाही. पेशंट घेऊन निघायच्या वेळी हे झालं तर काय करायचं? काही मॉडेलांना तर स्टेपनीच नसते.

यातली खरी अडचण संकोचाची आहे. देणाऱ्याला तोंडावर नाही म्हणणं संस्थाचालकांना जड जातं. म्हणून विचारायचं काम आपलं. गाडी कोण चालवणार, वर्षाला किती खर्च झेपेल, ती मुळात कशासाठी हवी आहे? मागच्या दोन वर्षांची सर्व्हिसची आणि विम्याची बिलं त्यांच्यापुढे ठेवा. आकडे बघून समोरचा माणूस घुटमळला, तर गाडी विका आणि पैसे द्या. माझं स्पष्ट मत आहे की आडवळणाच्या गावात जुन्या लक्झरी एसयूव्हीपेक्षा बोलेरो कितीतरी जास्त उपयोगी पडते. तिचं काम तालुक्याच्या गॅरेजमध्ये होतं.

८०जीची करसवलत मिळेल असं धरून चालणं

इथे भल्याभल्यांची फसगत होते. देणगीवरची आयकरातली ८०जीची वजावट फक्त पैशाच्या रूपात दिलेल्या देणगीवर मिळते, वस्तूवर नाही. गाडीची बाजारातली किंमत वीस लाख असो की दोन लाख, ती गाडी म्हणून दिली तर वजावट शून्य. संस्थेने पावतीवर किंमत लिहून दिली तरी उपयोग नाही.

तीच गाडी विकून आलेली रक्कम बँकेतून संस्थेला पाठवली, तर वजावट मागता येते. मात्र तुम्ही जुन्या करप्रणालीत असायला हवं आणि संस्थेकडे ८०जीची नोंदणी हवी. २,००० रुपयांवरची रोख देणगी धरली जात नाही. संस्थेकडून देणगीचं अधिकृत प्रमाणपत्र नक्की घ्या. घरगुती वापराची, स्वतःच्या नावावरची गाडी विकताना भांडवली नफ्यावरचा करही लागत नाही. त्यामुळे विकून पैसे देणं बऱ्याचदा दोघांच्याही सोयीचं ठरतं.

सह्या करून किल्ली देणं आणि विसरून जाणं

मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करायच्या आणि "तुमच्या सवडीने नावावर करून घ्या" म्हणायचं, हे चांगुलपणातून होतं, पण घातक आहे. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या खटल्यात हेच सांगितलं. त्यातली गाडी पुढे अनेक हातांतून गेली होती, तरी भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच आली.

म्हणून ट्रस्टचं नोंदणीपत्र, पॅन आणि गाडी स्वीकारत असल्याचा विश्वस्तांचा ठराव आधी हातात घ्या. संस्था त्याच राज्यातली असेल, तर हस्तांतरणाची सूचना १४ दिवसांच्या आत आरटीओला द्यायची असते. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचा बोजा राहिलेला असू शकतो. तो फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी देऊन उतरवावा लागतो. थकलेली ई-चलानं आधी भरून टाका. गोव्याच्या (जीए) पासिंगची गाडी सिंधुदुर्गातल्या संस्थेला द्यायची असेल, तर दुसऱ्या राज्यात नेण्यासाठीची फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा रस्ता कर ही कामं वाढतात. कर कोण भरणार, हे आधीच ठरवा.

विम्याचंही तसंच. संस्थेने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज करायला हवा. तुमचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र तुमचाच असतो. त्याचं पत्र कंपनीकडून घेतलं की नव्या गाडीला वापरता येतो.

"अ‍ॅम्ब्युलन्स करून घ्या" असं सुचवणं

मागची सीट काढली आणि स्ट्रेचर टाकलं की अ‍ॅम्ब्युलन्स होत नाही. त्या बदलाला आरटीओची मंजुरी लागते आणि अ‍ॅम्ब्युलन्सचे निकष वेगळे आहेत. पांढऱ्या नंबरप्लेटच्या खाजगी गाडीत पैसे घेऊन प्रवासी नेणंही चालत नाही. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल, तर पुनर्नोंदणी आणि हरित कर हे ओझं लगेच संस्थेच्या गळ्यात पडतं. अशी गाडी देऊच नका, अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्या आणि आलेले पैसे संस्थेला पाठवा.

छोट्या गोष्टी घरातच राहणं

अशा अनेक गाड्यांच्या चाकांना एक लॉकिंग बोल्ट असतो. तो खोलायला बोटभर लांबीचा खास अडॅप्टर लागतो आणि तो नेमका आपल्या कपाटात पडून असतो. तो नसेल, तर साधं पंक्चर काढायलाही चाक निघत नाही. तो शोधा, सोबत दुसरी किल्ली आणि सर्व्हिसची फाइल द्या. बॅटरी तपासून घ्या. फास्टॅग बँकेकडून बंद करा, नाहीतर संस्थेचा टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल. स्क्रीनमधले फोन नंबर आणि घराचा पत्ता पुसा, कंपनीच्या अ‍ॅपमधून गाडी काढून टाका. गाडी नेताना तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहिलेल्या पावतीवर दोन्हीकडच्या सह्या घ्या, आणि आरसीवर संस्थेचं नाव दिसेपर्यंत ती जपून ठेवा.